विमानाचा दीड तास

"पोरीचं तिकीट भेटलं का, भाऊ?" सुखदेवभाऊंचा फोन सकाळी आठला आला. त्यांची बायको पहाटे गेली होती. एकुलती पोर, माया, पुण्यात नर्स. आईचं तोंड तिला दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"भेटलं. पुणे ते नागपूर. आता निघायला सांगा तिला."

"इमानाले किती वेळ लागते?"

"दीड तास," मी म्हणालो. जरा ऐटीतच म्हणालो.

गडचिरोलीत बसस्टँडसमोर माझं तिकिटांचं दुकान आहे. वीस वर्षं विमानाची तिकिटं काढतोय. स्वतः दोनदाच बसलोय, पण बोलताना पायलटच्या वरताण. आमच्या धंद्यात या दीड तासाला 'फ्लाइट टाइम' म्हणतात. विमान इथून हलल्यापासून तिथे थांबेपर्यंतचा वेळ. तिकिटावर तोच छापलेला असतो. त्याआधी एअरपोर्टवर दोन तास बसायचं, नंतर बॅगेसाठी उभं राहायचं, हे त्यात धरत नाहीत. आणि मायाचं विमान होतं बारा चाळीसचं. ते मी सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

सुखदेवभाऊंचा आयुष्यभराचा प्रवास काळ्यापिवळ्या जीपमधला. आमच्याकडे माणसं बसली की जीप निघते. त्यांनी तसाच हिशेब केला. आत्ता आठ, साडेनऊला नागपूर, तिथून गाडीने पाच तास. म्हणजे अडीच. सगळ्या नातेवाइकांना निरोप गेला, माती अडीच वाजता.

मे महिना होता. अडीच वाजले, तीन वाजले, पोर आली नाही. गावात रेंज धड नाही. माया नागपूरला उतरल्यावर फोन लावत राहिली, लागला नाही. लांबून आलेल्यांना परतायचं होतं. म्हातारी माणसं म्हणाली, उन्हाचं किती वेळ ठेवता? साडेतीनला उचललं.

माया साडेसातला पोचली. दारात चपलासुद्धा उरल्या नव्हत्या.

हे मला चार दिवसांनी कळलं. तिकीट बरोबर होतं, विमान वेळेवर होतं, कोणी मला दोष देऊ शकत नव्हतं. त्यानेच जास्त लागलं.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर बापलेक दुकानात आले, परतीच्या तिकिटासाठी. माया खाली बघत होती. मी कागद घेतला आणि सगळं लिहून काढलं. पहाटे पाचला गावातून निघायचं. दहाला नागपूर. साडेबाराचं विमान. दोनला पुणे. साडेतीनला तिच्या खोलीवर.

सुखदेवभाऊंनी कागद लांब धरून वाचला. बोटांवर मोजलं.

"साडेदहा तास होते. मंग त्या दिवशी दीड काऊन म्हनले, भाऊ?"

मी पेनाला टोपण लावलं.

"संध्याकाळ होते म्हनले असते, त मी बर्फ आनलो असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी केलो असतो माती." आवाज चढलेला नव्हता. माणूस फक्त समजून घेत होता.

"बाबा, चला," माया म्हणाली. कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला.

आता कोणी विमानाला किती वेळ लागतो विचारलं, की मी लगेच आकडा फेकत नाही. आधी विचारतो, घरी कोण वाट बघतंय.