त्याला सांगू नका

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या माणसाला गल्लीतली पोरं 'जरतर काका' म्हणायची. जर दोर तुटला तर? जर ब्रेक लागलाच नाही तर? कामावर ही खोड सोन्यासारखी होती. तो ज्या इमारतींच्या लिफ्ट बघायचा, तिथले लोक बिनघोर वरखाली करत. पण संध्याकाळी हत्यारांची पिशवी खाली ठेवली, तरी डोक्यातलं जरतर काही खाली ठेवता येत नसे. मुलीला शाळेतून यायला जरा उशीर झाला की हा रस्त्यावर. बायको शिंकली की हा औषधाच्या दुकानात. घरात कुणाचं दुखलंखुपलं तर याचं जेवण सुटे, आणि मग ज्याचं दुखत असे तोच उठून याची समजूत काढत बसे.

होता होता घरात एक न बोललेला नियम पडला : त्याला सांगू नका. मुलगी सायकलवरून पडली, तर तिने पायघोळ कपडे घालून आठवडा काढला. पुढे तिची नोकरी गेली, तेही दुसरी लागल्यावरच त्याच्या कानावर आलं. त्याला आपलं वाटे, देवाच्या कृपेने सगळं सुरळीत चाललंय.

रविवारी बायकोबरोबर तो चर्चला जाई, पण उपासनेत त्याची नजर छताच्या पंख्यावर.

"अहो, पंखा प्रभू सांभाळेल. तुम्ही गाणं म्हणा," बायको कुजबुजायची.

एका दुपारी तो काम लवकर आटपून घरी आला. त्याची वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, पलंगावर बॅग भरत होती. टॉवेल, गाऊन, बायबल.

"कोण निघालंय?" त्याने विचारलं.

"मी," बायको म्हणाली. "उद्या ऑपरेशन आहे. पोटात गाठ आहे. आज संध्याकाळी तुम्हाला सांगणारच होते."

"उद्या? आणि तुला कळलं कधी?"

"बरेच महिने झाले."

"अगं, मग मला का नाही बोललीस?"

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं. "तुम्हाला सांगितलं असतं तर दुखण्याबरोबर तुम्हालाही सांभाळायची पाळी माझ्यावरच आली असती. तेवढी ताकद नव्हती हो माझ्यात."

ऑपरेशननंतर ती वर्षभर होती. ते वर्ष त्याने रिपोर्ट चाळण्यात, डॉक्टर बदलण्यात घालवलं. एकदा ती म्हणाली, "या, जरा बसा इथे. दोघं मिळून प्रार्थना करू."

"आलोच. डॉक्टरांना एक फोन करतो."

तो परत आला तेव्हा तिचा डोळा लागला होता. असं एकदाच झालं असतं, तर त्याने मनाला समजावलंही असतं.

ती गेल्यावर एकदा वहिनीजवळ त्याचा बांध फुटला. "वहिनी, मी तिची इतकी काळजी केली, तरी ती एकटीच राहिली."

"भाऊजी, ती स्वतःसाठी फारसं मागायचीच नाही," वहिनी म्हणाली. "माझ्याबरोबर तपासणीला जाताना बसमध्ये डोळे मिटायची आणि म्हणायची, प्रभू, यांच्या छातीवरचा धोंडा तेवढा उतरव."

मग तोही प्रार्थनेला बसू लागला. सुरुवातीला तिथेही जरतरच. नवख्या मेकॅनिकला समजावावं तसा तो देवाला एकेक धोका समजावून सांगे. एका सकाळी मात्र शब्दच संपले. "हे तूच घे," तो म्हणाला. "मला नाही पेलत." काही चमत्कार झाला नाही. खांदे जरा सैल झाले, इतकंच. आणि त्याला रडू आलं. एवढंच तर ती मागत होती, आणि ती होती तेव्हा आपल्याला ते जमलं नाही.

मुलीला दिवस गेले होते. एका रविवारी ती आली आणि उगाच हवापाण्याच्या गप्पा मारू लागली. आता त्याला ती चाल ओळखू येत होती.

"काय झालंय ते सांग, बाळा. मी घाबरेन. पण तुला मला सांभाळावं लागणार नाही."

तिने मांडीवरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "बाळाचे ठोके नीट नाहीत म्हणतात. परत तपासायचंय."

कुठला डॉक्टर, कुठलं मशीन, सगळे प्रश्न जिभेवर आले. ते गिळून त्याने तिचा हात धरला. "प्रार्थना करू या?"

प्रार्थना अर्ध्यावर आली आणि तिला हुंदका फुटला. "आईला हेच हवं होतं, बाबा."

"हो," तो म्हणाला.

तपासणीला तो तिच्याबरोबर गेला. वहिनी त्याच्या बायकोला तपासणीला आणायची, ते हेच हॉस्पिटल. ठोके ठीक निघाले. मुलगी आनंदाने नवऱ्याला फोन करत होती, तेव्हा तो लांबलचक व्हरांड्यातली बाकं बघत उभा होता. घरी जाताना तो वहिनीकडे थांबला.

"वहिनी, तपासणीला ती कुठल्या बाकावर बसायची?"

"खिडकीजवळच्या," वहिनी म्हणाली. "तिथे ऊन यायचं ना."