डुकराचा रुपया

मला नाण्यांचा नाद आहे. किमतीचा नव्हे, फरकांचा. सुटे पैसे हातात आले की सालाखाली टांकसाळीची खूण चौकट आहे, चांदणी आहे की ठिपका, हे पाहिल्याशिवाय ते खिशात जात नाहीत. खोडाळ्याच्या बाजारातल्या भाजीवाल्या माझ्या या चाळ्याला वैतागल्यात. शाळेत मात्र मी त्यामुळे जाणकार ठरलो. म्हणूनच आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी एका दुपारी गळ्यातला रुपयांचा हार काढून माझ्या टेबलावर ठेवला.

“गुरुजी, यात डुकराचा कोणचा, तेवढा सांगा. माझ्या डोळ्यांना आता सगळे सारखेच दिसतात.”

आईचे दहा चांदीचे रुपये मावशी आणि त्यांची धाकटी बहीण, दोघींना पाच-पाच मिळाले होते. त्यातला डुकराचा रुपया मावशींचा. परवा दोघींनी हार एकत्रच ओवायला टाकले आणि ओवणाऱ्याकडे दहाही रुपये मिसळले. आईने हातात दिलेला रुपया आपल्याकडे आला की नाही, या काळजीने मावशींना जेवण जात नव्हतं.

डुकराचा रुपया मी नुसता ऐकून होतो. एका वर्षी पाडलेल्या रुपयावर इंग्रज राजाच्या झग्यावरचा हत्ती इतक्या आखूड सोंडेचा निघाला, की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी सोंड लांबली. आमच्या डोंगरात तर हत्ती कुणी पाहिलेला नाही आणि डुक्कर नेहमी नागलीच्या शेतात शिरतं, तेव्हा मावशींच्या आईने ते लगेच ओळखलं असणार.

साल वाचता आलं असतं तर काम सोपं होतं. पण साल मागच्या बाजूला, आणि ती बाजू वर्षानुवर्षं छातीवर घासून गुळगुळीत झालेली. उरला फक्त हत्ती, तांदळाच्या कणीएवढा.

मी भिंग लावलं. तीन रुपयांवर सोंड स्पष्ट होती. चौथ्यावर नुसतं तोंड! मी आनंदाने ओरडलोच. मावशींनी रुपया कपाळाला लावला.

इथे थांबायला हवं होतं. पण मला चैन कुठे पडायला? बहिणीचेही पाच बघू द्या, म्हटलं. बाजाराच्या दिवशी बहीण सूर्यमाळहून आली. तिच्या दुसऱ्याच रुपयावर मी भिंग धरलं आणि भान न ठेवता बोलून गेलो, “अहो, इथेही डुक्कर आहे!”

बहिणीचा चेहरा उतरला. “आयनं मला दिल्ता,” ती हळूच म्हणाली. “बोल्ली, ताईला नको सांगू.”

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. “मला बोल्ली, तुला नको सांगू.”

दोघी हसत सुटल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. माझेही डोळे भरले. मग धाकटीच्या लक्षात आलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. दोन्ही रुपये अगदी सारखे होते. कोणता कुणाला दिलेला, हे सांगणं माझ्या भिंगाच्या आवाक्यातलं नव्हतं.

“ताई, माझ्याकडं तुझा आला असंल तर?”

“तर घाल की,” मावशी हार गळ्यात घालत म्हणाल्या. “तुझा मी घालते.”