मलेरियाची गोळी

प्रकाशरावांचा फोन आला तेव्हा झरीजवळच्या एका वस्तीवर लसीकरण चालू होतं. "अक्का, शीला गेली." रांगेत चार बाळं उरली होती. त्यांना लस टोचली आणि मग सोनपेठची एसटी धरली. त्याला आता दोन महिने होतील.

शीला माझी धाकटी बहीण, प्रकाशरावांची बायको. मी आरोग्यसेविका झाले तेव्हा ती शाळेत होती. सुट्टीत माझ्याबरोबर वस्त्यांवर यायची. तापाच्या माणसाचं बोट टोचून मी रक्त घ्यायचे, ती काचपट्टी धरायची आणि मोठ्या बाप्यांना दटावायची, "सुईला भेता व्हय? मिशा काढा आधी!" तेव्हापासून औषधाच्या बाबतीत तिला माझाच शब्द खरा. पुढे ती सोनपेठला जीवशास्त्र शिकवायला लागली, तरी ते बदललं नाही.

दहाएक वर्षांपूर्वी तिच्या गालांवर लाल चट्टे आले, बोटं सुजली. परभणीच्या डॉक्टरांनी ल्युपस सांगितला, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार, रोजची एक गोळी दिली. मी पाकीट बघितलं. "अगं, ही तर मलेरियाची हाय. तुला ना थंडी, ना ताप. उगं कशाला खायलीस? डोळे जातील. बंद कर." तिने बंद केली... चार महिन्यांत दुखणं मूत्रपिंडात उतरलं, ते शेवटपर्यंत तिथून हललं नाही.

त्या वेळी दवाखान्यातल्या खाटेवरून तिने माझी शिकवणी घेतली. "अक्का, शरीरात जन्मजात राखणदार असत्यात, रिसेप्टर म्हणत्यात त्यांला. विषाणूचा डीएनए दिसला की बोंब मारायची, एवढंच ठाऊक. माझ्यात मेलेल्या पेशींचा कचरा नीट उचलला जात न्हाई. त्यात माझाच डीएनए. हे येडे त्यालाच चोर समजून बोंबलायलेत."

"आन् गोळी?"

"ती त्यांला गप बसवती. मलेरियालाबी चालती, हितंबी चालती." मग हसली. "नापास झालीस बघ."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्या फोटोपुढची वंदना आटोपून पाहुणे गेल्यावर प्रकाशराव म्हणाले, "तिनं तवा कंटाळा केला नसता तर..." तिने घरात आणि डॉक्टरांना तेच सांगितलं होतं, की गोळ्यांचा कंटाळा आला. मी तिथेच खरं काय ते सांगितलं.

"तिच्या देखत सांगायचं व्हतं, अक्का. दर तपासणीला बोलणी तिनं खाल्ली."

ते खरं होतं. मी उठून तिच्या खोलीत गेले. ऊन लागलं की दुखणं उसळायचं, म्हणून तिने खिडकीच्या काचांना काळे कागद लावले होते. एकाचा कोपरा सुटला होता.

"आता काय गरज?" दारातून प्रकाशराव म्हणाले.

मी कणकेची खळ केली, कोपरा चिकटवला, वाळेपर्यंत दाबून धरला.