दुखत न्हाय तर गोळी कशाला

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात स्वतःच्या पायाच्या अंगठ्याशी आमच्या दाजींइतकं बेइमान वागलेला दुसरा माणूस नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर म्हणून त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत उजव्या अंगठ्याला गाउट लावून घेतला. माझं राजारामपुरीत औषधांचं दुकान आहे. गोळ्या विसरणारे, गोळ्यांना घाबरणारे, गोळी खिशात ठेवून ‘खाल्ली’ म्हणून सांगणारे असे सगळे नमुने मी काउंटरच्या आतून पाहिलेत. पण गोळी बंद केल्याचं एवढ्या अभिमानानं दुकानात येऊन, चार गिऱ्हाइकांच्या देखत जाहीर करणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्याच नात्यात निघाला.

पहिल्यांदा दुखणं आलं तेव्हा दाजींनी गल्ली डोक्यावर घेतली होती. अंगठा टोमॅटोसारखा लाल आणि टम्म. पांघरुणाचा स्पर्श सोसेना, म्हणून अक्कानं पायावर भाकरीची बुट्टी पालथी घातली आणि तिच्यावरून चादर टाकली. पंखा लावला तर म्हणाले, “बंद करा, अंगठ्याला वारं लागतंय.” डॉक्टरांनी रक्त तपासलं, युरिक अॅसिड वाढलेलं निघालं. त्याचे बारीक खडे सांध्यात साठतात, ते विरघळायला वेळ लागतो, तेव्हा ही गोळी रोज घ्यायची, दुखो अगर न दुखो, बहुतेक कायमची, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. दाजींनी सगळं ऐकलं आणि त्यातला ‘कायमची’ हा एकच शब्द मनाला लावून घेतला. “कायमचं काय असतंय पावणं?” जिना उतरताना ते मला म्हणाले. “छत्तीस वर्सं राबलो, ती नोकरीबी कायमची न्हवती.”

तीन महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला. एखाद्यानं देवाचे आभार मानले असते, डॉक्टरांचे मानले असते. दाजींनी रिपोर्टला लॅमिनेशन करून घेतलं आणि गोळी त्याच दिवशी बंद केली. “पास झालोय की. आता परत अभ्यास कशाला?” मी म्हटलं, “दाजी, गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आलंय.” ते म्हणाले, “मग नॉर्मल आलंय न्हवं?” तो लॅमिनेशन केलेला कागद ते लायसन्ससारखा जवळ बाळगायचे आणि कुणी पथ्याचा विषय काढला की पुढं करायचे. पथ्याचं तर विचारूच नका. कुणीतरी सांगितलं म्हणून पालक बंद, तुरीची डाळ बंद, बिचारं वांगं कारण नसताना बंद. आणि मटण? तेही सोडलं होतं म्हणे. प्रत्यक्षात फोडी बाजूला सारून पांढऱ्या रश्श्याच्या सहा-सहा वाट्या रिचवायचे. मटणातलं जे रश्श्यात उतरतं तेच तर अंगठ्याला नको असतं, हे मी कितीदा घसा फोडून सांगितलं. “रस्सा म्हंजे पाणीच की ओ,” हे त्यांचं उत्तर.

एकदा तर हद्द झाली. दाजींबरोबर सकाळी फिरायला जाणारे एक गृहस्थ दुकानात आले, रिकामी स्ट्रिप दाखवून म्हणाले, “ही द्या, गुडघ्याला चांगली हाय म्हणं.” मी चिठ्ठी मागितली तर म्हणाले, “चिठ्ठी न्हाय. तुमच्या दाजींनीच दिलती, त्यांच्याकडं उरल्यात.” माझा संताप अनावर झाला. दुकान मुलाच्या भरवशावर टाकून मी तसाच अक्काकडं गेलो. म्हटलं, “फौंड्रीत मशीन बंद पडायच्या आधी तेल घातलं नाही म्हणून तुम्ही माणसं फाडून खायचात. मग स्वतःच्या सांध्याला एक गोळी घालताना काय होतं?” दाजी शांतपणे म्हणाले, “मशीनला कळत न्हाय, म्हणून आपण आधी घालायचं. मला कळतंय की, दुखाय लागलं की.” अक्का दारात गहू निवडत होती. ती हसली. मला तेव्हा तिचाही राग आला.

कारण ह्या सगळ्यात तिचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. भाचीचं, म्हणजे अक्काच्या लेकीचं, बाळंतपण अडलं होतं, दोन दिवस आई आणि बाळ दोघींचा भरवसा नव्हता. तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून अक्का जोतिबाला बोलली होती, दोघी सुखरूप घरी येऊ देत, आम्ही नवराबायको जोडीनं, घरापासनं पायी, माघातल्या खेट्याच्या, लोक पायी डोंगर चढतात त्या, एका रविवारी तुझ्या डोंगराला येऊ. दोघी सुखरूप आल्या. नात रांगायला लागली, चालायला लागली, शाळेत जायला लागली. नवस तिथंच.

दरवर्षी एकच तमाशा. दहा महिने गोळीचं नाव नाही. पौष संपत आला की दाजींना जोतिबा आठवायचा, जोतिबावरून अंगठा आणि अंगठ्यावरून गोळी. मग दोन-तीन आठवडे आधी मोठ्या निष्ठेनं सुरू. आता ही गोळी नव्यानं सुरू केली की साठलेले खडे हलतात आणि सुरुवातीला दुखणं उलट उसळू शकतं. म्हणून डॉक्टर सोबत दुसरी गोळी देतात. ती दाजी खायचे नाहीत. “एकीचा तरास होतोय, त्यात दुसरी कशाला?” झालं, ऐन खेट्याच्या तोंडावर अंगठा फुगायचा, पायावर बुट्टी यायची, आणि दाजी आढ्याकडं बघत सिद्ध करायचे, “बघा पावणं, गोळीनंच सुजतंय.” अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी पन्हाळ्याच्या बाजूला कुणी झाडपाल्याची मुळी देतो म्हणून तिकडं जाऊन आले, तेही वर्ष गेलं. प्रत्येक वेळी अक्का म्हणायची, “असू दे. देव कुठं पळून चाललाय? फुडच्या माघात जाऊ.”

गेल्या पावसाळ्यात अक्काला जिना चढताना धाप लागायला लागली. तपासणीत हृदयाची झडप खराब निघाली. वय आणि साखर बघता डॉक्टरांनी औषधांवरच ठेवायचं ठरवलं आणि चढण, डोंगर, लांबचं चालणं, सगळं कायमचं बंद सांगितलं. त्या संध्याकाळी दाजी तिची चिठ्ठी घेऊन दुकानात आले. मी तिच्या गोळ्या काढून पिशवीत भरल्या. ते काउंटरवरचा हात काढेनात. मग हळू आवाजात म्हणाले, “माझीबी द्या. म्हयन्याची. आन ती दुसरी असती न्हवं, सोबतची, तीबी.” मला बोलायला पुष्कळ होतं. मी दोन्ही गोळ्या काढून त्याच पिशवीत घातल्या.

तेव्हापासून आजतागायत त्यांची एक गोळी चुकलेली नाही. रश्श्याची वाटीही पुढं ओढत नाहीत. मधल्या रिपोर्टला लॅमिनेशन झालं नाही. आणि यंदा माघातला पहिला रविवार उजाडला तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दाजींचा अंगठा ठणठणीत होता.

त्या सकाळी मी अक्काचं बीपी बघायला गेलो होतो. दाजी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून अनवाणी तयार. “गाडी करू, तू वर कट्ट्यावर बसून हात जोड,” असं त्यांनी तिला आधीच सुचवलं होतं. पण अक्का म्हणाली, “बोललेवते पायी. तुमी जावा की, तुमचं पाय चांगलं हाइत.” ते निघाले. अक्का खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली.

तासाभरानं फाटक वाजलं. दाजी परत आले होते. पंचगंगेच्या पुलापर्यंत गेले होते, लोक जोडीजोडीनं ‘चांगभलं’ करत पुढं चालले होते, आणि तिथनं हे मागं फिरले. एवढं सांगून ते अक्काच्या पायाशी जमिनीवर बसले.

“अंगठा दुखला व्हय?” अक्कानं विचारलं.

“न्हाय गं,” दाजी म्हणाले. “कायबी दुखलं न्हाय.”

अक्कानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सहा वर्षांचं साठलेलं मला त्या माणसाला एकदा खडसून सांगायचं होतं, समोर आयता सापडलाही होता. मी चहा टाकायला आत गेलो.