साखरमामांचा खेळ आणि तपासनीसांची मिशी

दुकानात दोन खुर्च्या, एक बाक आणि भिंतभर आरसा. पण साखरमामा केस कापायला उभे राहिले की आरशात बघायची गरज कुणाला वाटत नसे. टक्कल पडत चाललेल्याला ते म्हणायचे, "कपाळ काय उजळलंय हो तुमचं!" केसांचा रंग फसला तर, "हाच शोभतो तुम्हाला, उगाच इतकी वर्षं काळा लावलात." गिऱ्हाईक येताना कसंही येवो, जाताना हरभऱ्याच्या झाडावर चढूनच जायचं. आपण खोटं बोलतो असं मामांना कधी वाटलंच नाही. कुणाचं उतरलेलं तोंड त्यांना बघवत नसे, एवढंच.

त्यांची भाची फोनवर खेळायच्या गोष्टी बनवायची. गोष्ट मध्येच थांबते आणि आता काय करायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं, असा तो प्रकार. तीन वर्षं खपून तिने एक गोष्ट पुरी केली, तर खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीतले लोक म्हणाले, "छान आहे, पण मजा येत नाही. नाणी गोळा करायला ठेवा, थोडी पळापळी घाला. नाहीतर हे बंद करू." शनिवारी संध्याकाळी तिला उत्तर द्यायचं होतं. शुक्रवारी ती दुकानात आली आणि मामांच्या फोनवर खेळ टाकून म्हणाली, "मामा, उद्या सांग कसा वाटला ते. पण गोड बोलू नकोस हं. माझं सगळं यावर आहे."

"मी कधी खोटं बोललोय का?"

भाचीने कपाळाला हात लावला.

घरी गेल्यावर मामांनी खेळ उघडला. एक मुलगी वडिलांना आपल्याकडे राहायला घेऊन आलेली. वडील आता बरंच काही विसरायला लागलेले. ते विचारतात, "आपल्या घरी कधी जायचं?" घर तर विकून झालेलं. खाली दोन उत्तरं आली, 'बाबा, घर विकलं' आणि 'घराची दुरुस्ती चाललीय'. मामांनी मागचापुढचा विचार न करता दुरुस्तीवर बोट ठेवलं. वडील खूश, मामाही खूश.

खेळातल्या दुसऱ्या सकाळी वडिलांनी बॅग भरून दाराशी आणून ठेवली. झाली असेल ना दुरुस्ती? मामांनी रंगकाम राहिल्याचं सांगितलं. तिसऱ्या सकाळी पुन्हा बॅग, आणि या वेळी वर दाढीचं सामानही. मामा घाबरेघुबरे होऊन मागे जायचं बटण शोधू लागले. तसं बटण नव्हतंच. रोज मुलगी बॅग रिकामी करायची, रोज म्हातारा ती भरायचा.

"जेवायला येताय ना?" मामींनी आतून विचारलं.

"रंगकाम राहिलंय," मामा म्हणाले.

शनिवारी दुपारी खुर्चीत तपासनीसकाका येऊन बसले. रेल्वेत तिकिटं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांची मिशी डब्यात शिरली की विनातिकीट माणूस आपणहून उभा राहायचा, असं ते स्वतः सांगत. त्यांना फक्त टोकं सारखी करून हवी होती. मामांच्या हातात मशीन, पण मन त्या बॅगेपाशी. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर? आणि मशीन डावीकडची अख्खी मिशी घेऊन गेलं.

बाकावर नंबर लावून बसलेल्या दोघांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. मामांच्या जिभेवर सवयीने 'काय तरुण दिसताय' आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"काका, चूक झाली. माझं लक्ष नव्हतं. एका म्हाताऱ्याला मी फसवलंय आणि तो दाराशी बॅग घेऊन बसलाय."

"कुठला म्हातारा?"

"फोनमधला."

काका लालबुंद झाले. "आण तो फोन इकडे! कुणापायी मिशी गेली, बघू तरी दे."

काकांनी खेळ पहिल्यापासून लावला आणि बेधडक खरं उत्तर निवडलं. वडील दिवसभर पाठ फिरवून बसले. संध्याकाळी मात्र म्हणाले, "मागच्या दाराची कडी नीट लागत नाही. नव्या लोकांना सांगितलंस ना?" काकांनी मामांचा टॉवेल ओढून नाक पुसलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

संध्याकाळी भाची आली तेव्हा गळ्याभोवती कापड बांधलेले, अर्ध्या मिशीचे काका खुर्चीतच होते. बाकावरचे दोघे त्यांच्या खांद्यावरून वाकून, काय निवडायचं यावर भांडत होते. हसत कुणीच नव्हतं.

"मामा, कुणालाच मजा येत नाहीये."

'फक्कड आहे गं!' मामांच्या ओठांवर आलं. तेवढ्यात त्यांना ती दाराशी ठेवलेली बॅग आठवली.

"नाही आली," ते म्हणाले. "अजिबात मजा नाही आली. काल मला जेवण गेलं नाही, हवं तर मामीला विचार."

भाचीचं तोंड उतरलं. मामांना ते बघवेना, पण ते नेटाने बघत राहिले.

"पण पोरी, सकाळी डोळे उघडल्यावर मी पहिला तो म्हातारा बघितला. माझ्या दुकानातून लोक मजेत जातात आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत माझं बोलणं विसरतात. तुझा म्हातारा मला सोडत नाहीये. आणि सोडू नये असंच वाटतंय."

"मग नाणी?"

"कसली नाणी?" काका मान वर न करताच गरजले. "इथे माणूस बॅग भरतोय आणि आम्ही नाणी वेचायची? काही लाजलज्जा?"

भाचीने तिथेच उभं राहून कंपनीला फोन लावला. "नाणी घालणार नाही. बंद करायचं तर करा, मी दुसरीकडे नेईन." फोन ठेवल्यावर ती हसली.

काकांनी खेळ संपवला आणि समोर आरशात बघितलं.

"आता खरं सांग," ते मामांना म्हणाले. "कसा दिसतोय?"

सगळे मामांकडे बघायला लागले.

"काका," मामा म्हणाले, "भयंकर."

काकांनी आरशात मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि पुन्हा खुर्चीत रेलले.

"काढ उरलेली," ते म्हणाले. "आणि काढताना त्या म्हाताऱ्याचा विचार करू नकोस."