वाटंत जागा हाय का?

माझी आई सोलापूरला माझ्या घरी आयुष्यात एकदाच आली. शेजारणी विचारायच्या, एवढं जवळ माहेर, मग आई कशी येत नाही हो? काय सांगणार! ती सांगायची गोष्ट नव्हती म्हणे. ह्या 'सांगायची गोष्ट नाही'नं आम्हा बायकांचा जन्म खाल्ला. आता मी म्हातारी झालेय, कुणाची भीडभाड उरलेली नाही, तर सांगतेच.

माझं माहेर तुळजापूरच्या पलीकडचं. तसं हाकेच्या अंतरावर, पण तेव्हा तो मुलूख निराळा, राज्य निजामाचं, तिथला पैसासुद्धा निराळा. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. मधे सरहद्दीचा नाका. म्हणजे माहेरी जायचं तरी परमुलखात जाणं आलं. माझ्या आईला ना मोटारीची भीती होती, ना नाक्यावरच्या शिपायांची. घोर एकच. वाटेत लागली तर जायचं कुठं?

आम्हा सगळ्याच बायकांना तो घोर. उद्या निघायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. चहा नाही, ताक नाही. उन्हातान्हाची मोटार, घशाला कोरड, आणि मुक्कामाला पोचलं की उन्हाळी लागलेली. लघवीला नुसती आग. मग धने-जिऱ्याचं पाणी प्या आणि पडून राहा. मीसुद्धा तशीच जायची-यायची. पुरुष मात्र मोटार थांबली की रस्त्याकडे पाठ करून उभे! पाठ तरी कशाला करायचे कोण जाणे.

आम्ही गिरणीजवळच्या चाळीत नवं बिऱ्हाड केलं होतं. खोल्या दोनच, पण तिथली मालकीण मी. आईनं यावं, मी कसा संसार मांडलाय ते बघावं, भिंतीला टेकून निवांत बसावं आणि माझ्या हातचं खावं, एवढा माझा हट्ट. आई म्हणायची, "येते की, ज्वारी उभी हाय तवर येते." ज्वारी उभी असली की बाईला आडोसा असतो, एवढाच त्याचा अर्थ. पण बाबांना तो कधी कळला नाही. "सुगी होऊ दे, मग जा," म्हणाले. सुगी झाली, ज्वारी कापली गेली, आणि रान तळहातासारखं उघडं पडलं.

मी तेव्हा चुलतभावाच्या लग्नाला माहेरी गेले होते. परतताना आईला घेऊनच जायचं मी ठरवलं. बाबा पोचवायला येणार होते. ते सोप्यात माणसांत बसले होते, तेवढ्यात आई दाराआड उभी राहिली आणि पदर तोंडावर धरून तिनं विचारलं, "अवं, वाटंत जागा हाय का, इचारलासा का?"

"हाय की!" बाबा मोठ्यानं म्हणाले. "लई ऐसपैस जागा हाय. तू कशाला काळजी करतीस?"

आईचा चेहरा असा काही उजळला! मीही विश्वास ठेवला. येताना नाक्यापाशी विटा पडलेल्या आणि खांब रोवलेले पाहिले होते. मला वाटलं, चला, कुणाला तरी सुबुद्धी झाली, बायकांची सोय केली. आई त्या सकाळी दही-भाकरी पोटभर जेवली. वर तांब्याभर पाणी प्याली. म्हणाली, "मोटारीत बसायचं आनि तहानंनं मरायचं न्हाय, ही पयलीच बारी बग."

नाक्यावर मोटार थांबली. गाठोडी खाली उतरवा, सोडा, दाखवा, जकातीचं बोला, हे सुरू झालं. आई माझ्या कानाशी म्हणाली, "कुटं हाय गं जागा?" मी बघितलं. विटांची एक खोली झाली होती खरी. पुढं किंतानाचा, गोणपाटासारखा जाड पडदा आणि पडद्यासमोर स्टुलावर शिपाई. मी सरळ गेले आणि पडदा बाजूला करायला सांगितलं. तो उठलासुद्धा नाही. "साहेब का है बाई, सरकारी है." साहेब कुठंय विचारलं, तर साहेब गावाला गेलेला! साहेब नाही तिथं, आणि त्याच्या रिकाम्या संडासावर पहारा! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

बाबांकडे गेले. "जागा कुठाय म्हणालात?"

"हाय की मोटारीत. डायवरच्या पाठीमागची. म्या कालच सांगून ठिवली."

बसायची जागा! म्हाताऱ्या बाईनं दाराआड उभं राहून, लाज गुंडाळून ठेवून विचारलं होतं, ते बसायच्या जागेसाठी? आईला हवी कसली जागा ते मी बाबांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग हळू म्हणाले, "जरा धर म्हनावं. आत्ता येईल सोलापूर."

धर म्हणे! जणू दळणाची पाटी धरायचीय.

आईसाठी मी नवं कोरं लुगडं आणलं होतं. कारकून ते उलगडून हातानं मोजत बसला होता. मी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. तो "ओ बाई, ओ बाई" करत राहिला. मोटारीत बुरख्यातली एक बाई होती, ती न बोलावता उतरली. "चलो अम्मा, एक बाजू मैं पकडती," म्हणाली. आम्ही आईला रस्त्यापासून लांब उघड्या रानात नेलं आणि तिच्याभोवती लुगडं धरून उभ्या राहिलो. हिरवंगार नवं लुगडं, सपाट रान, वारा. मोटारीतले झाडून सगळे बाप्ये आमच्याकडे तोंड करून बसलेले. नाक्यावरचा शिपाईसुद्धा स्टुलावरून उठला. साहेबाच्या पडद्यासाठी उठला नव्हता, ह्याला बरा उठला मेला!

आई बसली. पण होईना. आत नुसती बसून राहिली आणि मग म्हणाली, "न्हाय येत गं. समदी बघतात." मोटारीचा भोंगा वाजायला लागला. बाबा हातवारे करत होते. मी ओरडले, "थांबा जरा, मेलं कुणी नाही!" पण आई उठून उभी राहिली होती.

पुढचा रस्ता खाचखळग्यांचा. आईनं माझं मनगट धरलं होतं. गिरण्यांची धुराडी दिसायला लागली तेव्हा म्हटलं, आलंच, आई, आलंच. एक मोठा गचका बसला आणि तिचा हात एकदम ढिला पडला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. माझ्या लक्षात आलं.

अड्ड्यावर सगळे उतरले, ती उठेना. ड्रायव्हर मागं वळून बघायला लागला. तेव्हा मी पायाशी ठेवलेली पाण्याची मातीची सुरई उचलली आणि त्या जागेवर अख्खी उपडी केली. आई भिजली, मी भिजले, गादी चिंब झाली. ड्रायव्हर बोंबलला, "अहो, जागा खराब केली की!" मी म्हटलं, "हो, मी सांडलं, गाडी हाकता येते का तुला? गचके देतोस वर तोंड करून बोलतोस?" अड्डा गोळा होईपर्यंत भांडले. लोक म्हणाले, काय कजाग बाई आहे. म्हणू देत. बाबाही म्हणाले, "अगं, सुरईसाठी केवढा तमाशा करतीस!" त्यांना खरंच कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, मला आजही ठाऊक नाही.

माझ्या घरात आई भिंतीला टेकून बसलीच नाही. चार घास खायची आणि उठायची. आठ दिवस ठेवून घ्यायचं मनात होतं, ती तिसऱ्या दिवशीच बाबांबरोबर परत निघाली. आदल्या संध्याकाळपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. मी पेला पुढं केला, तिनं तो हळूच बाजूला सारला.

पुढच्या खेपेला माहेरी गेले, तर बाबा सोप्यात चार माणसांना सांगत होते, "येताना हिनं कायबी तरास दिला न्हाय. घोटभर पानीसुदिक प्याली न्हाय. लई शानी."

मी तिथंच बोलले, "मग एकदा तुम्हीही जा की तसेच, कोरड्या घशानं."

बाबा हसले. सगळेच हसले. "बाप्याला काय गं? बाप्या कुटंबी हुबा ऱ्हातो!"

आईनं मला आत ओढून नेलं. चुलीपुढं बसवून भाकरी वाढली. मला रडू येत होतं ते रागानं. म्हटलं, "आई, तू आता कधी येशील माझ्याकडे?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "येते की. वाटंत जागा झाली म्हंजी येते."

पुढं आई वारली आणि मी तिच्या दिवसकार्याला निघाले, तेव्हा मोटार त्याच नाक्यावर थांबली. किंतानाचा पडदा नवा घातला होता. शिपाई स्टुलावर बसला होता.