वय: अकरा महिने

मी डॉक्टर झालो तो ढोबळे बाईंमुळे. भिलाईजवळ चरोद्याच्या शाळेत त्या गणित शिकवत. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. माझा कॉलेजचा फॉर्म बाईंनीच भरला. उत्तर बरोबर आलं तरी त्या विचारायच्या, "उदाहरण पूर्ण वाचलंस का?"

भिलाईतल्या एका खासगी रुग्णालयात मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्ण मला दिसत नाही. त्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली दिसतो. त्या दिवशी पॉलिप आला, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला गोळा. 'ज्युवेनाइल पॉलिप' असा रिपोर्ट दिला. लहान मुलांत असा एखादा होतो. काढला की संपलं.

चार दिवसांनी सर्जन म्हणाले, "त्या पॉलिपवाल्या बाळाचं शौचातून रक्त थांबत नाहीये."

तेव्हा कुठे मी तुकड्यासोबत आलेला फॉर्म नीट पाहिला. वय: अकरा महिने. इतक्या लहानपणी पॉलिप झाला, तर आनुवंशिक पॉलिपोसिसची शंका घ्यावी लागते. हा दुर्मीळ आजार. त्यात आतड्यात जागोजागी पॉलिप येतात, बाळ रक्त गमावत राहतं.

मी सर्जनना म्हणालो, "सगळं आतडं दुर्बिणीने बघू या."

"सहा किलोची पोर, अंगात रक्त नाही. नुसत्या शंकेवर पुन्हा भूल देऊ? घरात कोणाला असेल तर सांगा."

फॉर्मवर लिहिलं होतं: घरात कोणाला नाही. मी वॉर्डात गेलो.

आजी म्हणाली, "सुनेचं दूध बाधून राहिलं पोरीले."

"दूध तोडून महिना झाला, आई. रक्त थांबलं का?" सून म्हणाली.

बाळाचे वडील पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कधी शौचातून रक्त?"

"नाही साहेब. मी एकदम फिट."

"खोटं कावून बोलता?" बायको उसळली. "दुर्गच्या दवाखान्यात दोनदा मूळव्याध काढली ना तुमची?"

ते खाली बघत म्हणाले, "प्लांटच्या मेडिकलमधे अनफिट केलं तं?"

"मी प्लांटला काही कळवणार नाही. मला फक्त तुमच्या पोरीसाठी हवंय."

त्यांनी घरच्या पेटीतून जुने रिपोर्ट आणून दिले. मूळव्याध नव्हतीच; दोन्ही वेळा पॉलिप.

सर्जननी रिपोर्ट वाचले. आधी रक्त चढवलं, मग दुर्बीण घातली. चौदा पॉलिप होते. मोठे त्याच दिवशी काढले. वडिलांचीही तपासणी केली. त्यांच्या आतड्यात सहा निघाले.

दोन महिन्यांनी बाईंना पत्र लिहिलं:

"बाई, सादर नमस्कार. माझं उत्तर बरोबर आलं आणि तरी मी चुकलो. फॉर्मवरचं वय वाचलं नव्हतं. पोरीला पुढेही दुर्बीण लागत राहील, पण आता ती भिंत धरून उभी राहते. वडील कामावर जातात. मी आता मायक्रोस्कोपखाली काच लावण्याआधी फॉर्म वाचतो. पूर्ण.

आपला विद्यार्थी"